मारबतीच्या दिवशीची काचपट्टी

मस्कासाथीत, भांड्यांच्या दुकानावर दुसरा मजला,
तिथं आमची लॅब. खिडकी लावली तरी
मिरचीचा ठसका येतोच.

साडेदहाला नळी आली.
युगांत सोनटक्के, वय सात, पाठीच्या कण्यातलं पाणी.
हे पाणी नितळ असायला हवं.
पेजेसारखं होतं.

अफरोजला म्हटलं, पाहून घे,
सगळी विद्या चार बाटल्यांत आहे.
पहिली जांभळी, ती सगळ्यांनाच चढते.
दुसरी आयोडीन, रंगाला गाठ मारते.
तिसरी स्पिरिट, आणि इथंच कोण कुठला ते कळतं:
जाड भिंतीचे जांभळा धरून बसतात,
पातळ भिंतीचे सोडून देतात
आणि चौथ्या बाटलीत गुलाबी होतात.
मग बघायचं, गोल की दांड्या,
घोसात, माळेत, की जोडीनं.
कुठलं इंजेक्शन आधी, ते यावर ठरतं.

अन् टीबीचा?
तो मेणाचा रेनकोट घालून येतो, बापा.
शेक द्यावा लागतो, तेव्हा कुठं लाल होतो,
मग अ‍ॅसिडलाही जुमानत नाही.

अन् व्हायरस?
तो या भिंगात मावत नाही, म्हणजे दिसतच नाही.
स्वतःची चूल नाही त्याला. दुसऱ्याच्या घरात शिरून
त्याच्याच पिठाच्या आपल्या पोळ्या लाटतो.
त्यांचीही कुळं आहेत
(जात म्हणू नको, गजभियेबाईसमोर तरी),
कोणी डीएनएचा, कोणी आरएनएचा,
कोणी चरबीचा कोट घालून, तो साबणाला भितो;
उघडा हिंडणारा साबणाला हसतो.

तेवढ्यात ढोल आले.
काळी मारबत चौकात, पिवळी तिला भेटायला निघालेली,
मधे एक बडगा, त्याला डासाची सोंड,
आणि सगळी गल्ली एका गळ्यानं:
खोकला घेऊन जा गे मारबत,
ताप घेऊन जा गे मारबत.
कुठला खोकला, ते तिला कोण सांगणार?

मी स्पिरिट सोडत होते.
दहापर्यंत मोजायचं असतं.
मी ढोलाबरोबर मोजलं.

भिंगाखाली गोल जोड्या, गुलाबी.
एक नाव लगेच ओठावर आलं.
फोन लावला, पलीकडे रिंग वाजू लागली.
अफरोज शेजारच्या ठिपक्याकडे पाहून राहिला होता,
तिथं मी रोज ओळखीचे स्टॅफ ठेवते,
द्राक्षांचे घोस,
जन्मात जांभळ्याशिवाय काही न झालेले.

"मॅडम, हे बी गुलाबीच दिसून राहिले."

फोन ठेवला.
सत्तावीस वर्षं झाली मला या स्टुलावर.

नवी काचपट्टी घेतली. कानात कापूस.
अंगणवाडीतल्या पोरीसारखं मोठ्यानं मोजलं.
घोस जांभळे. आणि शेजारी
युगांतचे ते, जोडीजोडीनं,
भाल्याच्या पात्यासारखे टोकाला निमुळते,
तेही जांभळे.
डॉक्टरांना म्हटलं, न्यूमोकॉकस वाटतो. कल्चर उद्या.
'वाटतो' दोनदा म्हटलं.

रजिस्टरात 'गुलाबी'वर एकच रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी. नियम आहे तो.
बाजूला सही. अकरा पन्नास.

तुमी नाही जात का मॅडम, मारबत पाहाले?
जायची लहानपणी, बापाच्या खांद्यावर.
हे म्हणेपर्यंत रक्ताच्या आगरवर
थेंब रेघारेघांनी ओढून झाला होता.
प्लेट बरणीत ठेवली, शेजारी मेणबत्तीचा तुकडा पेटवला,
झाकण घट्ट केलं.
ती आपली आपणच विझते. विझली
की आतली हवा त्यांच्या जोगी झाली.
खाली ढोल इतवारीकडे सरकत गेले.
आम्ही दोघं ज्योतीकडे पाहत उभे राहिलो.