वीस मीटर तार

साखर पेठेत, बोद्दूलांच्या गच्चीवर
आमच्या क्लबची सभा भरते.
इतिवृत्त कोणी लिहीत नाही.
चार जण, एक खाट, एक सोल्डरिंग गन,
आणि वाळत घातलेल्या चादरींमधून
वर विचारायचा एकच प्रश्न :
कोणी आहे का?

तार जळक्या मोटारीची.
अशोक चौकातल्या रिवाइंडिंगवाल्यानं किलोवर दिली,
वार्निशाचा वास अजून गेलेला नाही.
इन्सुलेटर म्हणून मागाच्या चिरलेल्या कांड्या.
मास्टचा बांबू गड्ड्याच्या जत्रेतला,
पाळणेवाला मागे टाकून गेला तो.
नदाफ म्हणतो, त्याला उंचीची सवय आहे.

कॉइल गुंडाळतात शशिकलाबाई.
लहानपणी आईशेजारी बसून
हजारांनी कांड्या भरल्यात त्यांनी.
पुस्तकात चौदा वेढे लिहिलेत,
त्या मोजत नाहीत.
"बोटाला कळतंय की," म्हणतात
आणि तारेला तेलुगूत काहीतरी दटावतात.
मी मोजून बघतो. चौदा.
एकदा पंधरा निघाले.
तेव्हा पुस्तक चुकलं होतं.

तार आधी थोडी जास्त ठेवावी,
मग बोटबोटभर छाटत यावी.
तीस वर्षं मी वीज मंडळात वायरमन,
तार तोडायचा धाक मला कधीच नव्हता.
इथे आहे.
मीटरचा काटा तीनावर. छाट.
अडीच. छाट.
मानेवर ऊन. दोन.
दीड.
आता कुणी शिंकू नका, नदाफ म्हणाला.

पण रात्री रेडिओत ऐकायचं काय?
खाली तीन गल्ल्या यंत्रमाग,
खटखटीतून ठिणगी, ठिणगीतून खरखर.
चाळीस मीटरच्या अख्ख्या पट्ट्यावर
सोलापूरलाच ऐकू येतं सोलापूर.

सव्वाआठला वीज गेली.
आधी एक गल्ली थांबली, मग उरलेल्या,
मग बोअरच्या मोटारी, पंखे, पाट्यांचे दिवे.
खाली लोक मंडळाला शिव्या घालू लागले,
त्या मी पहिल्यांदाच सुखानं ऐकल्या.
आमचा संच ट्रकच्या बॅटरीवर जागा.
खरखर गाळासारखी तळाला बसली
आणि वर तरंगला
एक बारीक, अडखळता मोर्स.

कोणी नवशिका. हात कच्चा.
स्वतःचंच नाव दोनदा चुकून
तिसऱ्यांदा पाठवत होता.
गावाच्या नावातली मधली अक्षरं
वाटेतच गळाली.

हत्तरकी सरांनी कीवर बोट ठेवलं,
ती हॅक्सॉच्या पात्याची, बटण जुन्या शर्टाचं.
शाळेत उभ्या नोकरीत
अर्धा मार्क फुकट दिला नाही त्यांनी.
निम्मं ऐकू आलेल्या त्या पोराला
त्यांनी पाठवलं :
पाच. नऊ. नऊ.
म्हणजे पैकीच्या पैकी.

उत्तर सुरू झालं,
आणि वीज आली.

"गेला?" शशिकलाबाईंनी विचारलं.
माग सुरू झाले होते, त्यामुळे ओरडून.
मी वहीत वेळ लिहिली.
गावाच्या रकान्यात दोन अक्षरं,
मध्ये जागा सोडून.