वजनकाटा

धक्क्यावरचा काटा माझ्या ताब्यात.
निळ्या पेनाने मनगटावर आकडा लिहायचा,
म्हणजे कोण कुणाला उडवणार ते ठरतं.
केर्न्टनच्या या तळ्याकाठी
सगळ्यांची खरी वजनं फक्त मला ठाऊक,
पाद्रीबाबांचंसुद्धा.

आज वाल्बुर्गा आली. पोस्टातून निवृत्त,
बावन्न किलो, चष्मा दोरीने बांधलेला.
हवेच्या लांबलचक पिवळ्या गादीवरून
ढुंगण घासत घासत टोकाला गेली
आणि बसली, बस चुकलेल्या माणसासारखी.

वर मनोऱ्यावर ओटोकार बेकरीवाला.
एकशे अठरा.
लिफ्टमध्ये लोक आधी त्याच्याकडे बघतात,
मग पाटीकडे.
इथे मात्र पोरं ओरडतात, ओटो! ओटो!

त्याने नाक धरलं.
धप्प.
गादीने त्याला गिळलं
आणि दुसऱ्या टोकाला वाल्बुर्गा सुटली,
काठच्या पाइनच्या कमरेपर्यंत,
एक चप्पल तिच्याही वर.
हसली की शिवी दिली, कळलं नाही.
मग पाणी.

खळग्यातून ओटोकार रांगत बाहेर आला.
जो उडवतो त्याला उड्डाण दिसत नाही.
दर वेळी विचारावं लागतं,
‘किती गेली?’
‘सात मीटर,’ मी म्हणालो.
पाच होते.

तेवढ्यात ती शिडी चढून आली, निथळत,
एका पायात चप्पल.
‘आता मी वरून. तो टोकाला.’
दोन्ही मनगटं मी पाहिली.
ओटोकार खाली बघायला लागला.

एकटीने व्हायचं नाही, मी म्हणालो,
आणि पाद्रीबाबांना हाक मारली.