अर्धा किलो

भवानी पेठेत पत्र्याच्या शेडमध्ये
जैतुनबीचा डंका चालू असला की
बोळातले सायकलवालेही शिंकत जातात.

"किती?"
"अर्धा किलो. बेडगी."
दरवर्षी चार किलो आणायचो आम्ही.
तिनं विचारलं नाही काही. म्हणाली,
"अर्ध्या किलोला डंका लावत नाही, भाऊ.
अजून एक अर्धावाला येईस्तोवर बसा."

बसलो पोत्यावर.
देठं खुडणाऱ्या पोरीला ती सांगत होती,
ही काय आपली नव्हं.
गलबतातनं आली, लांबच्या पाण्यावरनं,
मिरीचं नाव उसनं घेऊन मिरची झाली
आणि ते परत करायचं विसरली.
तिकडं काळ्या रानात
तोडणाऱ्या बायांची बोटं आठ आठ दिवस पेटलेली असतात,
लेकराच्या डोळ्याला हात लावता येत नाही.
तू आपली देठं खुड.

तीनच्या सुमाराला एक म्हातारा आला.
पिशवीत लवंगी. तीही अर्धाच.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

जैतुनबीनं दोन्ही एकाच उखळात ओतल्या.
तिला वास येत नाही, वीस वर्षं झाली;
कानानं ओळखते.
आधी खडखड, मग धपधप,
मग नुसता जड श्वास.
"झालं," म्हणाली, आणि काट्यावर
ग्रॅमही इकडेतिकडे न होऊ देता वाटून दिलं.

रात्री एकट्यापुरतं पिठलं टाकलं.
पहिल्याच घासाला डोळे भरून आले.
रंग माझा होता,
जाळ त्या म्हाताऱ्याचा.