पेटी सुरू करताना

आधी वायर.
मागच्या भोकात नीट खोचायची,
मंग बटन. त्याच्याआधी नाही,
असं अनमोलनं फोनवर दोनदा सांगितलं,
पुण्याहून, कंपनीच्या बसमध्ये चढता चढता.
आवाजाचं चाक अर्ध्यावर ठेवा म्हणाला.
अन् काका, भेऊ नका, ते काही चावत नाही.

मी तिमाजी, ढोलकीवाला.
बत्तीस मंडया वाजवल्या या बोटांनी,
तीन वर्षांपूर्वी या काळ्या फळीनं
माझी ढोलकी खुंटीला लावली.
हिच्या पोटात ढोलकी आहे, तबला आहे, झांजसुद्धा.
बिडी पीत नाही, बिदागी मागत नाही.
आता हिला वाजवणारा गेला कामाला
आणि डोमाजी म्हणते,
"तूच बस गा आज. बटन दाबाचं, वाजते."

दुपारचा शामियाना. पोट्टे पडदा टांगून रायले.
पाटीवर निळा उजेड: शून्य शून्य एक.
चाक फिरवलं. एट बीट.
अजून फिरवलं. वॉल्ट्झ. पोल्का. बोसा नोव्हा.
कोणाच्या गावचे ताल हे?
तिकडेही धान कापून झाल्यावर
रातभर नाटक लागत असेल का?
एकशे बाराव्या घरात केरवा सापडला,
नाव भलतंच, पण चाल ओळखीची,
जावयाचे कपडे घालून बसलेला
आपलाच भाऊ.

उजव्या हाताला सूर, डाव्याला साथ.
मध्ये कुठंतरी एक रेघ आहे, दिसत नाही.
अनमोल तिला स्प्लिट म्हणतो.
ती ओलांडली की सनई मधूनच मुकी होते
आणि खालून भलतंच काही गुरगुरते.
पारबताबाईच्या पाकिटातून एक टिकली मागितली,
त्या पट्टीवर चिकटवली.
माणसाला धुरा दिसला पाहिजे,
इकडची बांधी कोणाची, तिकडची कोणाची.

"काळी चार नाही जमत आता," बाई म्हणाल्या,
इकडंतिकडं पाहून, हळूच.
ट्रान्सपोज. उणे एक. उणे दोन.
अख्खा बाजा दोन बोटं खाली उतरला
आणि कोणाला कळलं नाही.
आम्ही दोघं त्या बटनाकडं पाहत राहिलो.
अशी सोय आणखी कुठं कुठं असती तर.

मंग स्टार्ट दाबलं
आणि केरवा उधळला
शंकरपटातल्या जोडीसारखा, धुरकरी खाली पडलेला.
थांबवायचं बटन कोणतं?
तेच. दाबलं की चालू, दाबलं की बंद,
मधल्या वेळात काय करायचं ते तुझं तू पाय.

कोपऱ्यात टॅप नावाचं एक सापडलं.
बोटानं ठोका द्यायचा, पेटी तीच गती धरते.
इतक्या बटनांत हे एकच माझ्या बोटाला समजलं.
चार ठोके दिले.
तिसऱ्याला मी थोडा मागे राहतो,
पहिल्यापासून, बाईला श्वास घेता यावा म्हणून.
पेटीनं चारही ठोक्यांचा हिशेब केला,
सारखे वाटे घातले.
श्वासाची जागा हिशेबात गेली.

दहा वाजत आले. खुर्च्या भरल्या.
अनमोलला फोन लावला, लागला नाही.
सिंक स्टार्ट, सिंक स्टॉप,
लाल दिवे दोन्ही लावून बसलो,
काय होते पाहू म्हणून.
डावा हात ठेवला, ताल सुरू.
हात उचलला,
सगळं गप.
पुन्हा ठेवला, पुन्हा सुरू.

दुसऱ्या अंकात बाईनं ओळ लांबवली.
मी हात उचलला.
पेटी थांबली, शामियाना थांबला,
मागे भज्यांच्या कढईचा तेवढा आवाज.
बाईनं श्वास घेतला, पुरा.
मी हात ठेवला.

बंद करताना सगळं उलटं:
चाक शून्यावर, बटन, शेवटी वायर.
डोमाजीनं पाकीट दिलं, मी मोजलं नाही.
टिकली काढायची राहिली.