पार्सलच्या खिडकीवरून

एदेल्मिरा चिग्वाय, जरा बस.
गाडी सुटायला अजून वीस मिनिटं आहेत,
आणि रांगेत मागे फक्त तो मुलगा,
त्याला कसलीच घाई दिसत नाही.

मी या धंद्यातलं काही शिकलेली नाही.
दाल्काउएच्या या खिडकीत बसते, पार्सलं तोलते,
चिकटपट्टी ओढते, शिक्का मारते.
पण अकरा वर्षं तोलल्यावर
काटा माणसाशी बोलायला लागतो.

काल रात्री तुझं पान उघडून बघितलं :
टोप्या, मेणबत्त्या, मुठीएवढा लसूण, रूबार्बचा मुरंबा,
फ्रिजला चिकटवायचे लाकडी मासे, बाळबूट, साबण,
आणि खाली, पार एकतिसाव्या जागी, मोजे.
एक ना धड, म्हणतात ना...
तुझ्या तर चिंध्यासुद्धा सुरेख, हीच पंचाईत.

आता माझी वही बघ.
मार्चपासून तुझी एकशे नऊ पार्सलं गेली.
ब्याण्णव मोज्यांची.
करडे, गुडघ्यापर्यंत, टाचेला दुहेरी वीण.
मुरंब्याच्या चार बाटल्या गेल्या, तीन फुटून परत आल्या,
चौथीचं काय झालं ते मला विचारू नकोस.

हे मोजे घेतं कोण?
सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर राबणारी पोरं,
पहाटे पाचला रबरी बुटात पाय घालणारी,
थेट पुंता आरेनासपर्यंतचे पत्ते.
आणि तू लिहितेस, ‘प्रेमाने विणलेली पारंपरिक कलाकृती’.
बाई, त्यांना कलाकृती नको आहे,
अंगठा बधिर व्हायला नको आहे.
तो रुपेर्तो, ज्याचं पत्र तू मला इथेच वाचून दाखवलंस,
‘आठ तास पाण्यात होतो, पायांची आठवणच आली नाही’,
ते घाल सगळ्यात वर.
त्याला विचारून. शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

फोटो दिवसा काढ, खिडकीपाशी.
पांढऱ्या चादरीवर मोजा मेल्यासारखा दिसतो.
भाच्याच्या पायात घाल, शेजारी त्याचा चिखलाचा बूट राहू दे.

आणि फोन पिठाच्या डब्यात ठेव.
थट्टा नाही करत.
तू टाच वळवतेस तेव्हाच तो वाजतो,
टाका चुकतो, उसवतेस, पुन्हा वाजतो.
सहा ते सात उत्तरं दे, आणि तसं पानावर लिहून टाक.
ज्याचे पाय गारठलेत तो सातपर्यंत थांबेल.
भाचा म्हणेल, अमुक नवं निघालंय, तिथेही खातं उघडू.
त्याला म्हणावं, आधी लोकर पिंजून दे.

गिऱ्हाइकांचे पत्ते मात्र कागदावर उतरव.
ते पान उद्या कुणी मिटवलं तरी वही उरेल.
एप्रिलमध्ये, थंडी उतरायच्या आत,
त्यांनाच पहिली ओळ : मागचे विरले का?

‘आणि मोजेच खपेनासे झाले तर?’
एवढंच म्हणालीस,
पैसे मोजून ठेवलेस, सुटे, शेवटच्या नाण्यापर्यंत,
आणि गेलीस.

तेव्हाच सांगायला हवं होतं.
आमचंही दुकान होतं, आचाओत, चर्चच्या उताराला.
खिळे, गळ, दिवे, बिस्किटं, शाळेच्या वह्या.
कुणी काहीही मागावं, नवरा ‘आहे’ म्हणायचा, आणि असायचंही.
फक्त लोकांना आठवत नसे
आमच्याकडे यायचं ते कशासाठी.

तीन आठवडे तू पलीकडच्या खिडकीवर जात होतीस,
मला त्या बिनघाईच्या मुलानं सांगितलं.
मग मंगळवारी आलीस. ओल्या पोत्यात चौदा पाकिटं,
काटा चौदा वेळा एकाच आकड्याशी थांबला.
तू हसली नाहीस. मीही नाही.
हाताला पीठ लागलं होतं तुझ्या.

आता पानावर मोजेच आहेत.
आणि अगदी तळाला एक लाल टोपी,
तुझ्या बहिणीची, तिची बोटं हल्ली नीट वळत नाहीत.
कुणी घेत नाही ती.
रोज रात्री बघते, आहे का अजून.
बोलत काही नाही.