मागे, जरा धूसर

कारिलच्या खाडीत त्या दिवशी ओहोटी
नऊ वाजून दहा मिनिटांनी तळाला जाणार होती.
तिसऱ्या वेचणाऱ्या बाया त्याआधीच उतरलेल्या,
कमरेपर्यंत रबराचे बूट, हातात दंताळी.
मी लांब, एका पडावाच्या आडोशाला,
लांब पल्ल्याचं भिंग लावून.

माणसाला कळलं की त्याचा चेहरा जातो
आणि त्या जागी दुसराच येतो, भांग पाडलेला.
हे मला धंद्याने शिकवलंय.
म्हणून मी चोरासारखी थांबते.

दोसिंदाने मान वर केली.
सत्तरीची तरी असेल. गालांवर मीठ सुकून पांढरं,
डोळ्यांच्या कडेला इतक्या घड्या
की आत काहीतरी दुमडून ठेवलंय असं वाटावं.
ती पाण्यापलीकडे बघत राहिली. चार क्षण, पाच.
मी अकरा वेळा बटण दाबलं.
सातवा उतरला.
उतरला म्हणजे, आम्ही ज्याला उतरणं म्हणतो तसा.

विगोच्या प्रदर्शनात लोक त्याच्यासमोर खोळंबायचे.
एकजण म्हणाला, सगळा समुद्र आहे ह्या नजरेत.
एकीने रुमाल काढला.
मी मान खाली घालून बरं बरं म्हणत होते,
जणू त्या सुरकुत्या मीच पाडल्या होत्या.

मार्चमध्ये फोटो घेऊन तिच्या घरी गेले.
तिने हात पुसले, चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता.
"समुद्र?"
ती हसली तेव्हा दिसलं, वरचा एक दात नाही.
"समुद्राकडे कोण बघतंय, पोरी.
गॅस बंद केला का ते आठवत होते.
घेवडा शिजत ठेवला होता."
"केला होता?"
"कुठला. पातेलं अजून काळं आहे. दाखवू?"
दाखवलं. खरंच काळं होतं.

मला वाटलं, आता विचारेल,
केस विंचरल्यावर का नाही काढलास.
बाया विचारतात, आणि बरोबरच असतं त्यांचं.
तिने फोटो खिडकीपाशी नेला,
स्वतःच्या तोंडावर अंगठा ठेवला,
झाकूनच टाकलं ते,
आणि उजव्या कोपऱ्यात बघू लागली
जिथे तसं काही नव्हतं.
एक पिवळा डाग. ओणवा. फोकसबाहेरचा.

"ही एर्मितास."

मग बराच वेळ नुसता नळ ठिबकत होता.

"रेनकोट नवऱ्याचा. बाह्या तीनदा दुमडायची.
एकतीस वर्षं माझ्या डाव्या हाताला.
बोलणं फारसं नव्हतं आमचं,
एकदा वजनावरून भांडलो ते सात वर्षं पुरलं,
पण जागा तिने बदलली नाही. मीही नाही.
नाताळच्या आधी गेली.
फोटोला कधी उभी म्हणून राहिली नाही,
थडग्यावर पोरांनी ओळखपत्रातला लावलाय,
त्यात ती पोलिसाला घाबरल्यासारखी दिसते."

तिने नखाने कोपरा दाखवला.
"एवढंच कापून दे. मोठं करून."

मी म्हटलं, मोठं केलं की नुसते दाणे उरतील.
चेहरा तर नाहीच त्यात.
पाठ आहे फक्त.

"पाठच बघितली की मी तिची," दोसिंदा म्हणाली,
"ओहोटीत तोंड कुठे दिसतं कुणाचं."

आता ते तिच्या शेगडीच्या वर टांगलेलं आहे,
हातभर रुंद, धुकं आणि पिवळं.
कुणी विचारलं हे काय, तर सांगते.
नाही विचारलं तर नाही.
माझा तो, अकरातला सातवा,
तिने उलटा करून मागे पुठ्ठ्याशी सरकवलाय,
चौकट सैल होती म्हणून.