काळा किती काळा

राजारामपुरीतल्या दुकानात दोन टीव्ही, शेजारी शेजारी.
एक बावन्न हजार, एक दोन लाख दहा.
इम्तियाज मुल्लाणी म्हणाला, काका, काळा बघा,
ह्यात काळा म्हणजे दिवाच बंद, ठिपक्याठिपक्याचा.
काळ्याचं मला सांगतोस, मी मनात म्हटलं,
तीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलं,
नखांतला अजून साबणाला दाद देत नाही.
पण होता. खरंच काळा होता.
भट्टी विझवून शटर ओढल्यावर शेडमध्ये उरतो, तसा.

विजयमाला पुढं झाली.
महिन्यापूर्वी उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय,
डावा राहिलाय.
तिनं डाव्यावर पदर धरला, दोन्ही टीव्ही पाहिले,
मग उजव्यावर धरला, परत पाहिले.
पोपट, मधाचा थेंब, कुठल्याशा देशातला बर्फ.
'ह्या डोळ्यानं फरक हाय,' म्हणाली,
'त्या डोळ्यानं दोन्ही सारखंच, हळद लावल्यागत.'

मुल्लाणी हसला. मी हसलो नाही,
एका डोळ्यापायी एक लाख अठ्ठावन्न हजार
असा हिशेब चालला होता.
हप्ते अठरा, व्याज नाही, तो सांगत राहिला.
डाव्या डोळ्याची तारीख आम्हीच
दिवाळीच्या पलीकडं ढकललेली.

बघून सांगतो, म्हणून बाहेर पडलो.
रसाच्या गाड्यापाशी ती पुन्हा पदर धरून उभी,
आता माझ्याकडं तोंड करून.
'काय बघाय लागलीस?'
'ह्यानं तुमचं केस पार पांढरं दिसत्यात.'
पदर बदलला.
'त्यानं अजून जरा बरं हाईसा.'

चरकाची घुंगरं वाजत होती.
दोन ग्लास सांगितले, बिनबर्फाचे.